मंडळीच्या वडिलांच्या घरभेटीसाठी प्रभुभोजनाची लहान पेटी: कोणती घ्यावी, कशी वापरावी

आजारी, अंथरुणाला खिळलेल्या किंवा वयामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या चर्चच्या सभासदांकडे प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षांचा रस घेण्याचा ख्रिस्ती विधी) नेण्यासाठी ज्या पेट्या मिळतात, त्या साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली चार ते सहा काचेच्या पेल्यांची लहान पेटी. दुसरी दहा-बारा पेले, थाळी आणि कापडासाठी वेगळा कप्पा असलेली मोठी पेटी. तिसरा प्रकार म्हणजे रस आणि भाकर आधीच सीलबंद केलेले, एकदाच वापरून टाकायचे पेले. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वडिलांनी (सभासदांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या ज्येष्ठांनी) चार काचेचे पेले, स्टेनलेस स्टीलचा डबा आणि घट्ट फिरकीच्या झाकणाची बाटली असलेली लहान पेटी घ्यावी. सीलबंद पेले थोडेसे जवळ ठेवावेत, पण नेहमीच्या भेटीला ते नेऊ नयेत. मोठी पेटी बहुतेक मंडळ्यांना लागतच नाही.

या वस्तूची पारख आम्ही एकाच कसोटीवर केली आहे. तिच्यामुळे वडिलांच्या घरभेटी वाढतात का? बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २०:२८ मध्ये पौल इफिसच्या वडिलांना कळपाची राखण करायला सांगतो, आणि १ पेत्र ५ मध्ये तेच काम खुशीने, धनीपणा न गाजवता करायची सूचना आहे. सभा चालवणे, हिशेब पाहणे, पाळकाला (पास्टरला) सल्ला देणे ही कामे वडील करतातच. पण रविवारी ज्याची जागा रिकामी राहते त्याच्या घरी जाणे हे राखणीचे पहिले काम आहे, आणि कामाच्या रेट्यात सगळ्यात आधी तेच मागे पडते. पेटी जड असेल, धुवायला किचकट असेल, रस सांडत असेल, तर ती कपाटात जाऊन बसते आणि भेटी पुढे ढकलल्या जातात. म्हणून दिसायला देखणी पेटी आणि वापरायला सोपी पेटी यांतली निवड करायची वेळ आली तर दुसरी घ्यावी.

खरेदीच्या आधी एक गोष्ट वडीलमंडळाच्या सभेत ठरवून, नोंदवून घ्यावी: ही पेटी कोणी आणि कोणत्या अधिकाराने उघडायची. सगळ्या ख्रिस्ती परंपरांमध्ये याचे उत्तर एक नाही. प्रिस्बिटेरियन परंपरेत प्रभुभोजनाचा विधी सहसा दीक्षित पाळक चालवतो आणि वडील त्याच्यासोबत जातात. काही प्रिस्बिटेरियन मंडळ्यांत रविवारच्या मेजावरचीच भाकर आणि रस, उपासनेनंतर शक्य तितक्या लवकर, नेमलेले वडील घरोघर नेऊ शकतात. प्लिमथ ब्रदरन मंडळ्यांत वेगळा दीक्षित पाळकवर्ग नसतो, त्यामुळे तिथे प्रश्नच वेगळा. काही मंडळ्यांत हा अधिकार फक्त पाळकाकडे असतो आणि वडिलांनी वाचन-प्रार्थनेपुरतेच जायचे असते. नियम माहीत नसताना पेटी आणली, तर पहिल्याच भेटीनंतर वाद होतो आणि त्यात आजारी माणूस विनाकारण सापडतो. रविवारच्या मेजावरूनच न्यायचे ठरले असेल, तर पेटी उपासनेच्या आधी धुऊन, कोरडी करून मेजाजवळ तयार असायला हवी. हे काम कोणाचे, तेही त्याच ठरावात लिहावे.

आता पेटीकडे वळू. पेल्यांपासून सुरुवात केली, तर नेहमीचा लहान पेला काठोकाठ भरल्यास १० मिलीच्या आसपास रस मावतो. आजारी माणसाच्या हातात तो कधीही भरून देऊ नये. अर्धा, म्हणजे सुमारे ५ मिली पुरे. थरथरत्या हातातून तेवढा सांडत नाही आणि घशालाही झेपतो. या हिशेबाने ६० मिलीच्या बाटलीत बारा जणांचा रस होतो, सांडलवंड धरून दहा जणांचा. एका दुपारी दोन-तीन घरे करायची असतील, तर यापेक्षा मोठ्या बाटलीची गरज नाही.

काचेचे पेले जाड बुडाचे आणि सरळ कडेचे असावेत. नाजूक दांड्याचे पेले छान दिसतात, पण पलंगाशेजारच्या डळमळत्या स्टुलावर ते कलंडतात. काचेच्या कडेला टवका उडालेला असेल तर तो डोळ्यांना सहज दिसत नाही. कापसाचा पातळ पुंजका कडेवरून गोल फिरवावा. जिथे धागा अडकतो तिथे टवका असतो. असा पेला लगेच बाद करावा. आजारी माणसाचे ओठ कोरडे, भेगाळलेले असतात, त्यांना एवढी कडही कापते. पुन्हा वापरायचे प्लास्टिकचे पेले हलके आणि न फुटणारे खरे, पण काही महिन्यांत त्यांच्यावर बारीक ओरखडे पडतात, त्यांत रसाचा जांभळट डाग बसतो आणि पेला धुतलेला असूनही उष्टा वाटतो.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या बाटलीच्या. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची चकती असेल तर ती रसाने भिजते, फुगते, तिला बुरशी लागते आणि मग झाकण कितीही आवळले तरी गळते. सिलिकॉनची चकती असलेलेच झाकण घ्यावे. नुसत्या दाबून बसवायच्या बुचाच्या बाटल्या टाळाव्यात. तपासायची रीत सोपी आहे: बाटली पाण्याने भरावी, झाकण लावावे, कोरड्या कागदात गुंडाळून रात्रभर उलटी ठेवावी. सकाळी कागद ओला असेल तर बाटली परत करावी. बाटलीचे तोंड अरुंद असेल तर आत बाटलीचा ब्रश जातो का, हेही दुकानातच पाहावे, कारण ब्रश न जाणारी बाटली नीट धुतलीच जात नाही. ओतताना धार जाड पडत असेल तर छोटी चोच किंवा स्वच्छ ड्रॉपर सोबत ठेवावा.

धातूच्या बाबतीत चकाकीवर जाऊ नये. पितळेवर सोनेरी किंवा चांदीसारखा मुलामा दिलेले डबे आणि तबके पहिले वर्षभर सुंदर दिसतात. द्राक्षांचा रस आम्लधर्मी असतो. सांडलेला थेंब तसाच राहिला तर मुलामा उडतो, खालचे पितळ उघडे पडते आणि त्यावर हिरवट थर धरतो. त्या थराला भाकर लागू देता कामा नये. अॅल्युमिनियम हलके असते, पण सोड्याने किंवा तीव्र साबणाने घासले की काळवंडते आणि त्यावर बारीक खड्डे पडतात. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील या सगळ्यांत कमी दिमाखाचे आणि सर्वांत टिकाऊ.

पेटीच्या आतल्या अस्तराकडे खरेदी करताना कोणाचेच लक्ष जात नाही. मखमल चिकटवलेला स्पंज असेल तर ओलावा त्यात मुरतो. दोन-तीन भेटींनंतर आंबूस वास येऊ लागतो, मग काळे ठिपके दिसतात. डिंक सुटला की पेल्यांचे खाचे सैल होतात आणि वाटेत पेले एकमेकांवर आपटतात. घट्ट, पाणी न शोषणारा फोम आणि तो बाहेर काढून पुसता येईल अशी रचना असलेली पेटी शोधावी. मिळाली नाही तर नेहमीच्या पेटीत खाच्यांवर धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे घालून ते दर वेळी बदलावेत. भेटीहून परत आल्यावर कोमट पाणी, बिनवासाचा साबण, भरपूर विसळणे, पेले स्वच्छ कापडावर उपडे आणि पेटी रात्रभर उघडी, एवढा क्रम पाळला तर साधी पेटीही वर्षानुवर्षे टिकते. ओली पेटी बंद करून ठेवणे हे तिच्या नासाडीचे पहिले कारण.

न आंबवलेला रस की द्राक्षारस (वाइन), हा निर्णय मंडळीचा. तापवून आंबवणे थांबवलेला द्राक्षांचा रस प्रभुभोजनासाठी पहिल्यांदा १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी तयार केला. आज अनेक मंडळ्या तोच वापरतात. घरभेटीत मात्र रसाच्या बाजूने आणखी एक भक्कम कारण आहे. दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला माणूस, दारू चालत नाही अशी औषधे घेणारा रुग्ण, यकृताचा आजार असलेला रुग्ण, या सगळ्यांना तो निर्धास्तपणे देता येतो. मंडळी द्राक्षारस वापरत असली तरी पेटीसाठी रसाची सोय ठेवावी, आणि विचारल्याशिवाय द्राक्षारस पुढे करू नये. उघडलेली रसाची बाटली फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावी. पेटीतली बाटली भेटीला निघतानाच भरावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत रस राहिला तर तो आंबतो, आत वायू साठतो आणि झाकण उघडताच फसफसून चादरीवर उडतो. उरलेला रस पुन्हा मोठ्या बाटलीत ओतू नये. तो तिथेच संपवायचा की मातीत ओतायचा, याबाबत आपापल्या मंडळीची रीत पाळावी.

भाकरीसाठी पातळ वेफर, म्हणजे पापुद्र्यासारखी चपटी गोल भाकर, सोयीची. साधारण २८ मिलिमीटर व्यासाची वेफर सर्वत्र मिळते आणि लहान डब्यात वीस-पंचवीस सहज बसतात. अडचण अशी की कोरड्या तोंडात ती टाळूला चिकटते, आणि वयस्क माणूस कसनुसा होऊन ती सोडवत बसतो. अशा वेळी पाव वेफर तोडून रसात बुडवून, चमच्याने जिभेवर ठेवावी. म्हणून पेटीत एक छोटा स्टीलचा चमचा असायलाच हवा. तयार पेट्यांत तो जवळजवळ कधीच नसतो, हा या पेट्यांचा सर्वांत मोठा दोष. ग्लुटेन (गव्हातले प्रथिन) न चालणाऱ्यांसाठी वेगळी वेफर लागते. वेष्टनावर ग्लुटेनमुक्त असे लिहिलेले असावे, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात प्रति किलो २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसते. ती वेफर नेहमीच्या डब्याच्या एका कोपऱ्यात ठेवली तर उपयोग शून्य, कारण चुरा मिसळतो. तिला स्वतःची डबी, आणि वाटताना ती आधी, धुतलेल्या हाताने.

पलंगाजवळची रीत पेटीइतकीच महत्त्वाची आहे. इथे घाई केली की नुकसान होते. आत गेल्यावर आधी घरच्या माणसाला किंवा परिचारिकेला बाजूला चार गोष्टी विचाराव्यात: तोंडाने काही घ्यायला मनाई आहे का, गिळताना ठसका लागतो का, साखरेचा त्रास आहे का, गव्हाची अॅलर्जी किंवा तसा काही आजार आहे का. तोंडाने काहीच द्यायचे नसेल तर वचन, प्रार्थना आणि हातात हात, एवढ्यावर थांबावे. त्या माणसाचे काही कमी झाले असे त्याला वाटू नये, हे नीट समजावून सांगणे वडिलांचेच काम. ठसका लागत असेल तर पातळ रस श्वासनलिकेत जाऊ शकतो. घट्टसर पदार्थच द्यावेत असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर रसही तसाच घट्ट करून, घरच्या माणसाच्या हातून द्यावा.

मग हात धुणे. पलंगाशेजारी स्वच्छ जागा करून पेटीतले पांढरे कापड पसरणे. रुग्णाला उशांच्या आधाराने शक्य तेवढे ताठ बसवणे, आणि भोजनानंतरही अर्धा तास तसेच बसू देणे. वडिलांनी उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल अशा बाजूला बसावे. कमी ऐकू येणारा माणूस ओठांच्या हालचालीवरून बरेच समजून घेतो. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले आणि चालू आहे ना, हे आधी पाहावे. वाचन छोटे असावे, १ करिंथ ११ मधल्या ओळी आणि एखादे स्तोत्र. पेले वाचनाआधी भरून ठेवू नयेत, धक्का लागतो. भाकर दिल्यावर थांबावे, गिळली गेली हे पाहावे, आणि मगच पेला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासमोर नवे भाषांतर वाचू नये. त्याने आयुष्यभर म्हटलेली प्रभूची प्रार्थना, त्याच शब्दांत, सावकाश म्हणावी. बाकी काही आठवत नसलेली माणसेही त्या ठिकाणी ओठ हलवू लागतात. घरातले जे सभासद सोबत आहेत त्यांनाही सहभागी करावे. रात्रंदिवस शुश्रूषा करणारी मुलगी किंवा सून हीसुद्धा कित्येक रविवार मंडळीत आलेली नसते, हे सहज विसरले जाते. पूर्ण भेट वीस ते तीस मिनिटांत आटपावी, रुग्ण थकलेला दिसला तर त्याआधीच.

काही पेट्यांत तेलाची कुपी असते. याकोब ५:१४ मध्ये आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. म्हणजे ही कुपी खास वडिलांच्याच कामाची. ५ मिलीची, फिरकीच्या झाकणाची कुपी पुरते. आत कापसाचा बोळा घालून त्यावर जैतुनाचे साधे, बिनवासाचे तेल मुरवावे, म्हणजे सांडत नाही. सुगंधी तेलाने श्वासाचा आजार असलेल्याला त्रास होतो. तेल खवट होते, म्हणून दर तीन महिन्यांनी कापूस आणि तेल दोन्ही बदलावे. रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर अधिक काळजी हवी: नळी, मास्क किंवा त्यांच्या जोडांना तेलाचा हात लागू देऊ नये, कपाळावर अगदी टिपक्याएवढे लावावे आणि बोट लगेच पुसावे. मेणबत्ती त्या खोलीत अजिबात पेटवू नये. काही पेट्यांत छोटी मेणबत्ती शोभेसाठी दिलेली असते. ती काढूनच टाकावी.

सीलबंद पेल्यांबद्दल. वर एक पातळ पारदर्शक पापुद्रा, त्याखाली वेफर, त्याखाली दुसरे आवरण आणि आत जेमतेम एक घोट रस, अशी त्यांची रचना. संसर्गाच्या वॉर्डात, जिथून काहीच परत बाहेर आणायचे नसते, तिथे यांना पर्याय नाही. एखाद्याची प्रकृती अचानक ढासळली आणि तयारीला वेळ नसला तरी ते उपयोगी पडतात. पण संधिवाताने वाकलेल्या बोटांना तो पापुद्रा निघत नाही. जोर लावला की दोन्ही थर एकदम फाटतात आणि रस अंगावर सांडतो. वडिलांनीच आधी उघडून द्यावे लागते. ग्लुटेनचे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते मुक्त नाही असेच धरावे. मुदत पाहावी, कारण कपाटात ते वर्षभर पडून राहतात. आणि एक मत, ज्याच्याशी सगळे सहमत नसतील: मंडळीपासून तुटल्यासारखे वाटणाऱ्या माणसासमोर एकट्यापुरते पाकीट उघडण्यापेक्षा एकाच डब्यातून भाकर तोडून ती वडिलांनी आणि त्याने सोबत खाणे, याने तो मंडळीचाच आहे हे त्याला जास्त कळते.

मोठी पेटी वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यातल्या प्रार्थना-खोलीत एकत्र बसवून भोजन द्यायचे असेल तरच घ्यावी. एरवी तिचे ओझे वडिलांनाच होते.

किती पेट्या लागतील, याचा हिशेब पेल्यांवर नसून मंडळीची घरे वडिलांनी कशी वाटून घेतली आहेत यावर आहे. समजा नव्वद घरे आणि सहा वडील आहेत. घरभेटीला दोघांनी मिळून जावे: गैरसमजाला जागा राहत नाही, एक जण वाचत असताना दुसरा रुग्णाकडे लक्ष ठेवतो, आणि नवा वडील जुन्याकडून शिकतो. तीन जोड्या, प्रत्येकीकडे तीस घरे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक घरी एकदा जायचे तर महिन्याला दहा भेटी, त्यांत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी महिन्यातून एकदा, म्हणजे आणखी तीन-चार. हे जमण्यासारखे आहे. पेट्या तीन पुरतात, प्रत्येक जोडीकडे एक. सगळ्या मंडळीत मिळून एकच पेटी आणि ती पाळकाच्या घरी ठेवलेली, ही रचना भेटी कमी होण्याचे हमखास कारण आहे. एका वडिलाला बाहेरगावी जावे लागले तर जोडी मोडते, म्हणून बदली कोण हेही आधीच ठरलेले असावे.

स्कॉटलंडच्या प्रिस्बिटेरियन मंडळ्यांत पूर्वी वडिलांना नेमून दिलेला भाग असे आणि प्रभुभोजनाआधी सभासदांना शिशाची लहान नाणी दिली जात. नाणे असेल तरच मेजापाशी प्रवेश. पुढे त्यांची जागा छापील कार्डांनी घेतली. प्रवेश अडवण्याचा भाग आज कोणी परत आणू नये. मात्र कोणाकडे जाऊन झाले आणि कोण राहिले हे त्या पद्धतीत वडिलाला आपोआप कळत असे, आणि तेवढा भाग घेण्यासारखा आहे. पेटीच्या झाकणात, रबरी पट्ट्याखाली, प्रत्येक घराचे एक कार्ड ठेवावे. त्यावर नाव, भेटीची तारीख, कोण गेले, वेफर साधी की ग्लुटेनमुक्त, गिळण्याचा त्रास, कोणत्या कानाने ऐकू येते, दुपारची कोणती वेळ सोयीची. कबुली, घरातली भांडणे, पैशांचे विषय यांतले एक अक्षरही कार्डावर लिहायचे नाही. पेटी गाडीत विसरू शकते, कोणाच्याही हाती लागू शकते. भेटीत कोणी देणगी दिली तर ती जागेवर न स्वीकारता खजिनदाराकडे पावतीवर द्यायला सांगावे, आणि मृत्युपत्राच्या विषयात वडिलांनी पडूच नये. १ तीमथ्य ३ आणि तीत १ या दोन्ही ठिकाणी पैशाच्या लोभाबद्दल इशारा आहे, आणि आजारी माणसाच्या खोलीत तो सगळ्यात जास्त लागू पडतो.

सुटे भाग मिळतात का, हे विचारल्याशिवाय पेटीची रक्कम देऊ नये. पेले फुटतात, चकत्या झिजतात. चार पेल्यांसोबत आणखी दोन पेले, दोन चकत्या आणि एक जादा झाकण त्याच वेळी घेऊन ठेवावे, कारण पुढे मापाचा पेला मिळाला नाही तर खाच्यात तो बसत नाही आणि चांगली पेटी निकामी होते. वर्षातून दोनदा, वडीलमंडळाच्या सभेत तिन्ही पेट्या मेजावर उघडाव्यात: पेल्यांच्या कडा कापसाने, बाटल्या उलट्या ठेवून, तेल वासाने, सीलबंद पेले मुदतीने तपासावेत. त्याच वेळी कार्डेही वाचावीत, आणि ज्या घराच्या कार्डावर तीन महिन्यांत एकही तारीख नाही तिथे कोणती जोडी कोणत्या दिवशी जाणार हे सभा उठण्याआधी ठरवावे.